परिचारिकेची पदवी : वर्षांचा हिशेब

नोकरी करता करता नर्सिंगची पदवी घ्यायला किती वर्षे लागतात, हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. नर्सिंगशी माझ्या विषयाचा कागदोपत्री काही संबंध नाही. तरीही माझ्या वर्गातल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणा मुली आणि बौद्धवाड्यातल्या, मातंगवाड्यातल्या मुली हा प्रश्न मलाच विचारतात. कारण विचारावे असे शिकलेले दुसरे माणूस त्यांच्या घरात नसते. त्यांपैकी काही जणी एएनएम होऊन कामाला लागलेल्या असतात आणि बाहेरून बी. ए. करीत असतात.

माहितीपत्रक या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देते. बारावी विज्ञान झालेल्या मुलीला बी. एस्सी. नर्सिंगची चार वर्षे. जीएनएम पदविका घेतलेल्या नोंदणीकृत परिचारिकेला पोस्ट बेसिक बी. एस्सी.ची दोन वर्षे. दूरस्थ पद्धतीने केल्यास कमीत कमी तीन. ही उत्तरे खोटी नाहीत. पण ज्या विद्यार्थिनीला गृहीत धरून ती दिलेली आहेत, तिचा वेळ तिच्या मालकीचा आहे. तिच्या पोटाची सोय कोणीतरी केली आहे, तिच्या पाठच्या भावंडांची फी दुसऱ्या कोणाच्या खिशातून जाते आणि चार वर्षे तिने काही कमावले नाही तरी घरातली चूल विझत नाही. अशी विद्यार्थिनी आमच्या वस्तीत सहसा जन्माला येत नाही.

म्हणून हा प्रश्न मला इतिहासाचा वाटतो. पदवीची वर्षे अभ्यासक्रम ठरवतो असा आपला समज असतो. मुळात ती ठरतात माणसाच्या वेळेवर मालकी कोणाची, यावरून. नर्सिंगच्या बाबतीत तर त्याहून विचित्र गोष्ट घडली आहे. ज्या स्त्रियांनी बाळंतपण, आजारपण, रक्त, मळ आणि मरण यांची कामे पिढ्यान् पिढ्या केली, त्यांचे काम ‘शिक्षण’ म्हणून मोजायला या व्यवस्थेने कधीच मान्यता दिली नाही. काम त्यांच्याकडून घेतले आणि वर्षे मात्र शून्यापासून मोजायला लावली. हे कसे घडले, ते आपण क्रमाने पाहिले पाहिजे.

१

या देशात परिचर्या हॉस्पिटलात जन्मली नाही. ती गावात होतीच. खेड्यापाड्यांत बाळंतपण करणारी, नाळ कापणारी, वार पुरणारी बाई बहुधा गावकुसाबाहेरची असे. महाराष्ट्रात मांग आणि महार स्त्रियांकडे हे काम परंपरेने आले होते. सातपुड्यातल्या पाड्यांवर ते त्या त्या जमातीतल्या वयस्क बायका करीत. सवर्ण घरातले मूल त्यांच्या हातात जन्म घेई; पण सुवेर फिटले की त्याच हाताचा विटाळ होई. ज्या ज्ञानावाचून गावाचा वंश चालला नसता, त्या ज्ञानाला ज्ञान म्हणण्याची पद्धत नव्हती. त्याला ‘काम’ म्हणत आणि त्या कामाला ‘घाण’ म्हणत.

आणि हेच काम करणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या बाळंतपणाचे काय? १८५५ साली ‘ज्ञानोदया’त जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापला गेला. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने लिहून ठेवले आहे. महाराष्ट्रातल्या परिचर्येचा इतिहास मी शिकवायचा ठरवला, तर त्याचे पहिले पान मी या निबंधाला देईन. आरोग्यसेवा कोणाला मिळते आणि ती कोण देते, हे दोन्ही प्रश्न तिथे एकाच ठिकाणी उभे आहेत.

दुसरे पान सावित्रीबाईंचे. १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि समाजाने टाकलेल्या विधवांची बाळंतपणे आपल्या घरात होऊ दिली. पुढे १८९७ च्या पुण्याच्या प्लेगात, दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. नर्सिंगची पाठ्यपुस्तके दिव्याचा कंदील घेऊन फिरणाऱ्या नाइटिंगेलबाईंचे चित्र छापतात आणि ते योग्यच आहे. पण परिचारिकेच्या कामात जीव गेलेल्या या मराठी बाईचे नाव त्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकेत शोधावे लागते.

२

आता हॉस्पिटलकडे वळू. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात १८६० साली नाइटिंगेल यांच्या नावाने निघालेली शाळा आधुनिक नर्सिंग शिक्षणाची सुरुवात मानली जाते. तिथे मुलींना एक वर्षाचे शिक्षण मिळे, आणि ते वर्ष प्रामुख्याने वॉर्डात काम करण्यातच जाई. ही गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. काम करता करता शिकणे, ही नर्सिंगमधली सवलत किंवा पळवाट नव्हे. नर्सिंगचे शिक्षण जन्मले तेच काम आणि शिकणे एकत्र बांधून.

आपल्याकडेही तेच झाले. मुंबईत १८८६ साली स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. तिथे १८९१ साली शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव प्रशिक्षण घेतलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून सांगितले जाते. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात १८९७ साली नर्सिंगची शाळा निघाली. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन स्थापन झाले आणि त्या संस्थेने ससून हॉस्पिटलात मुलींच्या, विशेषतः विधवांच्या, परिचर्या-शिक्षणाची सोय केली. उच्चवर्णीय विधवेने परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावायचा, हे त्या काळी मोठे धाडस होते. त्या धाडसाचे मोल मी कमी करीत नाही. परंतु त्याच वेळी दुसरी एक गोष्ट घडत होती, तिकडे आपल्या इतिहासकारांचे लक्ष गेलेले नाही.

जे काम गावात विटाळाचे होते, त्यातला काही भाग हॉस्पिटलात आल्यावर पांढऱ्या कपड्यातली ‘सेवा’ झाला. उरलेला भाग, म्हणजे बेडपॅन, रक्ताचे कपडे, फरशी आणि प्रेत, आया आणि सफाई कामगारांकडे गेला. हॉस्पिटलच्या दारातून आमच्या बायका आत आल्या त्या बहुतेक या दुसऱ्या दाराने. ख्रिस्ती मिशनांनी काही ठिकाणी पहिले दारही उघडले, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. आमच्या भागात नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना १९४२ पासून ओळखीचा आहे.

मग नोंदणी आली. मुंबई इलाख्यात परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा १९६६ चा. नोंदणी आवश्यकच होती, कारण अडाणी हातांनी माणसे मरत होती. पण नोंदवहीत नाव घालायला शाळेचा दाखला लागे, आणि शाळेचे दार बंद होते त्यांना नोंदवहीचेही दार बंद झाले. गावातली सुईण एका कायद्याने ‘अशिक्षित दाई’ झाली. तिच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला एका वर्षाचीही किंमत मिळाली नाही.

३

पदवी आली १९४६ साली. दिल्लीचे कॉलेज ऑफ नर्सिंग आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या दोन ठिकाणी बी. एस्सी. नर्सिंग सुरू झाले. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. त्या समितीच्या हिशेबाप्रमाणे अवघ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. सुईणी ५,००० आणि आरोग्य अभ्यागत स्त्रिया ७५०. १९४७ अखेर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे नर्सिंग कॉलेज १९६४ साली निघाले.

देशाला परिचारिका हव्या होत्या आणि त्या लवकर हव्या होत्या. म्हणून शिडीला वेगवेगळ्या पायऱ्या बसवल्या गेल्या. सर्वांत खाली सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम. १९५० नंतरच्या दशकात सातवी-आठवी शिकलेल्या मुलींसाठी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला. १९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांची योजना मांडली. मग एएनएमची आरोग्यसेविका झाली आणि १९७७ पासून अभ्यासक्रम अठरा महिन्यांवर आला. पुढे तो पुन्हा दोन वर्षांचा झाला आणि दहावीच्या जागी बारावी आली. मधली पायरी जीएनएमची. ती कधी तीन वर्षांची, २००४ नंतर काही वर्षे साडेतीन वर्षांची आणि २०१५ नंतर पुन्हा तीन वर्षांची. सर्वांत वर पदवी.

चित्र पाहिले की वाटते, शिडी आहे, चढत जावे. पण या शिडीच्या पायऱ्या एकमेकींना नीट जोडलेल्याच नाहीत. एएनएम झालेली मुलगी जीएनएमला गेली तर तिची दीड-दोन वर्षे वजा होत नाहीत. ती पहिल्या वर्षात, पहिल्या बाकावर बसते. जीएनएम झालेलीला पदवीची दोन वर्षे माफ होतात, म्हणजे पदविकेच्या तीन वर्षांचे मोल तिथे दोन धरले जाते. आता साधी बेरीज करा. सरळ वाटेने पदवी चार वर्षांत. शिडीने गेल्यास दोन अधिक तीन अधिक दोन, म्हणजे सात. शेवटची पायरी दूरस्थ पद्धतीने चढली तर आठ. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली नोकरीतल्या परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक पदवी सुरू केली, ही मोठी सोय झाली. पण तिथेही नोकरीचा अनुभव ही प्रवेशाची अट होती. तो अनुभव दारात दाखवायचा. आत गेल्यावर तो अभ्यासाच्या तासांतून वजा होत नाही.

ही झाली नुसती शिकण्याची वर्षे. दोन पायऱ्यांच्या मधली, पैसा साठवण्याची वर्षे कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

४

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत सातपुड्याचे डोंगर, उत्तरेला नर्मदा, सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेले पाडे. तिथे तरंगते दवाखाने बोटीतून जातात आणि रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतिणीला अजूनही बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते. अशा भागात सपाटीवरच्या पाच हजारांऐवजी तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असा सरकारी दंडक आहे. त्या उपकेंद्रावर उभी असते ती एएनएम. जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था या सर्वांत खालच्या पायरीवर तोलून धरलेली आहे. २०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण डॉक्टरची वाट पाहणारी बाई रात्री दोन वाजता ज्या दारावर थाप मारते, ते दार आरोग्यसेविकेचे असते.

अशीच एक आरोग्यसेविका आमच्या घरात आहे. माझी थोरली बहीण. तिची वर्षे मी इथे मांडतो, कारण माहितीपत्रकाच्या हिशेबाशी ती ताडून पाहता येतात.

आमचे आजोबा तापीकाठच्या एका शेतमालकाकडे सालदार होते. खानदेशात आखाजीला साल ठरते. त्या दिवशी सालदार आपले पुढचे अख्खे वर्ष विकतो. पहाट, दुपार, रात्र सगळे. वडील रोजंदारीवर गेले, आई निंदणीला. ताई १९९८ साली दहावी झाली. घरात दहावी झालेली ती पहिली. एएनएमची अठरा महिने तिने पुरी केली आणि खाजगी दवाखान्यात, मग कंत्राटावर उपकेंद्रात लागली. पुढे जीएनएमला बारावी लागते असे कळले, म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने २००४ साली बारावी दिली. २००५ ते २००९ जीएनएमची साडेतीन वर्षे. त्यानंतर पुन्हा कंत्राटी नोकरी. २०१५ साली तिने दूरस्थ पद्धतीने पदवीला नाव घातले आणि २०१८ साली ती पदवीधर झाली.

दहावीपासून पदवीपर्यंत वीस वर्षे. त्यातली शिकण्याची आठ. उरलेली बारा कुठे गेली, याचा जाब मला द्यावा लागतो. कारण त्या बारा वर्षांत माझी अकरावी, बारावी, बी. ए., एम. ए. आणि नेट झाली. माझी बी. ए. तीन वर्षांत झाली, एम. ए. दोन वर्षांत. एकही वर्ष वाया गेले नाही, असे माझ्या गुणपत्रिकेवरून दिसते. ते वाया जाऊ नये म्हणून कोणाच्या रात्रपाळ्या लागल्या, हे गुणपत्रिकेवर छापत नाहीत. पहिल्या पिढीचा पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा ताई ड्युटीवर होती.

जीएनएमला असताना तिला केसबुकात ठरावीक संख्येची बाळंतपणे करून लिहायची होती. त्याआधीच्या वर्षांत उपकेंद्रावर, पाड्यावर, कंदिलाच्या उजेडात तिने किती बाळंतपणे केली होती, ते तिच्या रजिस्टरात लिहिलेले होते. पण ते रजिस्टर सरकारी अहवालासाठी होते, ते शिक्षणासाठी चालत नव्हते. ज्या हातांनी अडलेल्या बायका सोडवल्या, त्या हातांना पुन्हा नवशिक्याच्या रांगेत उभे राहून ‘पहिले बाळंतपण’ लिहावे लागले. पुढे पदवीच्या काळात ती ज्या हॉस्पिटलात नोकरीला होती, तिथे तिला संपर्कवर्गाच्या आठवड्यातच रात्रपाळी लावली जाई. ‘शिकायचे असेल तर नोकरी सोड,’ हे तिला सांगितले गेले. सांगणाऱ्याच्या घरी नोकरी सोडून शिकण्याची सोय होती.

५

वेळेवर मालकी कोणाची, हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी विचारला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. महार वतनदाराला दिवसा-रात्री कधीही हाक मारता येते, तो नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला जुंपता येते आणि या चोवीस तासांच्या चाकरीचा मोबदला क्षुल्लक असतो, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. ज्याचा दिवस त्याचा नाही तो शिकणार केव्हा, हा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आणि त्याच १९४६ साली मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज निघाले. तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले ते नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. एकाने रात्र मोकळी केली, दुसऱ्याने सकाळ.

या सर्व गोष्टी मला एकाच सूत्रात दिसतात. वतनातून वेळ सोडवणे, गिरणीतून वेळ सोडवणे, बाळंतिणीला वेळ मिळवून देणे आणि सुटलेल्या वेळात कॉलेज बसवणे. शिक्षणाचा हक्क म्हणजे आधी वेळेचा हक्क, हे बाबासाहेबांच्या कृतीतून दिसते.

कोणी म्हणेल, बी. ए. सकाळी होते, नर्सिंग कसे होणार? तिथे वॉर्डात उभे राहून शिकावे लागते. खरे आहे. पण नोकरीतली परिचारिका दिवसाचे आठ तास उभी असते ती कुठे? वॉर्डातच ना? वकिलीच्या विद्यार्थ्याला कोर्ट शोधत जावे लागते. हिची प्रयोगशाळा हिच्या ड्युटीतच आहे. सिद्धार्थ कॉलेजने कामगाराच्या वेळेप्रमाणे कॉलेज हलवले. नर्सिंगमध्ये तर कॉलेजने वॉर्डापर्यंत चार पावले यायचे आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. अनुभवाला सूट दिली तर दर्जा घसरेल आणि रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल, असे म्हणतात. हा आक्षेप उडवून लावण्याचा आपल्याला अधिकार नाही, कारण धडगावच्या आणि मोलगीच्या खाटेवर पडलेला रुग्ण आपलाच आहे. त्याला कच्ची परिचारिका मिळाली तर मरतो तोही आपलाच. आणि हेही खरे की नुसत्या सवयीने केलेले काम शिक्षण होत नाही. चुकीची सवयही वीस वर्षे टिकते. म्हणून माझे म्हणणे असे नाही की परीक्षा सोपी करा. परीक्षा हवी तेवढी कडक ठेवा. जे येते ते तपासा, आणि येत असेल तर ते पुन्हा शिकवण्याच्या नावाखाली तिचे वर्ष घेऊ नका. दर्जाची काळजी असणारांनी आधी त्या कॉलेजांकडे पाहावे जिथे हजेरी कागदावर लागते आणि वॉर्ड फोटोत असतो. नोकरीतल्या, थकलेल्या मुलींना ‘यायची गरज नाही, फी भरा’ असे सांगणारे दुकान उभे राहते, ते वेळ नसलेल्यांच्या अगतिकतेवरच. अशी पदवी घेऊ नका, असे मी माझ्या विद्यार्थिनींना स्वच्छ सांगतो.

तेव्हा मागायचे काय, हे नेमके ठरवले पाहिजे. एक, एएनएमचे शिक्षण आणि नोकरी तपासून जीएनएमच्या कालावधीतून वजा व्हावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मध्येच बाहेर पडण्याची आणि पुन्हा परत येण्याची भाषा सर्वत्र आणली आहे. आमच्या मुली पन्नास वर्षे मध्येच बाहेर पडत आल्या; परत येण्याचे दार तेवढे बांधायचे राहिले. दोन, मार्गदर्शक परिचारिकेच्या देखरेखीखाली ड्युटीत केलेले कामाचे तास प्रात्यक्षिकाचे तास म्हणून धरावेत. तीन, कंत्राटी परिचारिकेला अध्ययन रजा मिळावी. कायम सरकारी नोकराला पाच वर्षांच्या सेवेनंतर अध्ययन रजा मागता येते आणि सबंध सेवेत ती चोवीस महिन्यांपर्यंत मिळू शकते. पोस्ट बेसिकचा अभ्यासक्रमही चोवीस महिन्यांचाच. पण आरोग्य अभियानातले कंत्राट अकरा महिन्यांचे असते. अकरा महिन्यांच्या माणसाने चोवीस महिन्यांचे स्वप्न कसे पाहावे? सालदाराचे साल निदान बारा महिन्यांचे होते. चार, १९४४ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नाने अनुसूचित जातींसाठी सुरू झालेली आणि पुढे आदिवासींना लागू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नोकरी करत शिकणाऱ्या कंत्राटी मुलीपर्यंत पुरेशी पोचेल असे तिचे नियम हवेत.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याच्या जागी नवी घडी बसते आहे. घडी बसत असतानाच बोलले पाहिजे. बसून झाल्यावर ती मोडायला आणखी पंचाहत्तर वर्षे लागतात. परिचारिकांच्या संघटना पगार, बदल्या आणि रिक्त जागांसाठी लढतात, ते योग्यच आहे. आमच्या चळवळीने त्यांच्या मागण्यांत ही वेळेची मागणी नेऊन ठेवली पाहिजे. आम्ही वसतिगृहांसाठी लढलो, शिष्यवृत्तीसाठी लढलो, राखीव जागांसाठी लढतो आहोत. राखीव जागा दारापाशी नेते. दारातून आत जाऊन चार वर्षे बसायला लागतो तो वेळ अजून कोणी राखून ठेवलेला नाही.

माझ्या विद्यार्थिनींना मी आता असे उत्तर देतो. बारावी विज्ञानाला बरे गुण असतील आणि सरकारी कॉलेजात जागा मिळत असेल, तर काही करून सरळ चार वर्षांची पदवी घे. घरच्यांची समजूत घालायला मी येतो. एएनएमला गेलीस तर त्यात कमीपणा नाही, पण पदवीपर्यंत शिकण्याचीच सात-आठ वर्षे जातील हे आज ऐकून ठेव. दोन पायऱ्यांमध्ये फार थांबू नकोस, कारण थांबलेल्या मुलीचा पगार घराला लागतो आणि मग घर तिला सोडत नाही. तू केलेल्या प्रत्येक कामाची तारखेनिशी, सहीशिक्क्यानिशी नोंद स्वतःजवळ ठेव. आज ती कोणी मोजत नाही. मोजायला लावू तेव्हा कागद हातात असला पाहिजे.

आणि ज्यांच्या घरात अशी एखादी ताई आहे, त्या माझ्यासारख्या पदवीधर भावांना एक सांगणे आहे. तिची पदवी उशिरा झाली असे म्हणू नका. तिच्या वर्षांतली किती वर्षे आपल्या गुणपत्रिकेत जमा आहेत, ती आधी मोजा.